एकाच प्याल्यातून

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला पाचवा महिना चालू होता आणि राजारामपुरीतल्या दवाखान्यात मी तपासणीला गेले होते. बाहेर पडले तर शेजारच्या लॅबच्या पायरीवर माझी मैत्रीण बसलेली. लहानपणी आम्ही दोघी एकाच संडे स्कूलमध्ये जायचो, नंतर चर्चच्या गायनातही शेजारी-शेजारी उभ्या राहायचो. लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली होती. तिचा नवरा यंत्रमागावर कामाला होता. सहा महिन्यांपूर्वी तो वारला आणि ती माहेरी, आमच्या वस्तीत परत आली. क्षयानं गेला, असं सगळ्यांना सांगितलेलं.

मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात हातात घेतला. तिच्या दुसऱ्या हातात लॅबच्या रिपोर्टचं पाकीट होतं.

"मला पण ह्यांचाच आजार हाय," ती म्हणाली. "टीबी न्हाय. त्यो, एड्सचा."

मी हात मागे घेतला. ठरवून नाही, पण घेतला. तिनं ते पाहिलं आणि पाकीट पिशवीत ठेवलं.

त्या दिवशी घरी येऊन मी साबणानं हात धुतले. जरा वेळानं पुन्हा धुतले. पोटावर हात ठेवायचीसुद्धा भीती वाटत होती. रात्री न राहवून नवऱ्याला सगळं सांगितलं आणि कुणाला बोलू नका म्हणून बजावलं. ते त्यांच्या बहिणीला बोलले. आठवड्याभरात वस्तीतल्या नळावर बायका दबक्या आवाजात तेच बोलत होत्या, आणि मैत्रिणीची आई घागर घेऊन आली की गप्प होत होत्या.

आमच्या चर्चमध्ये तेव्हा प्रभुभोजनाला एकच प्याला असे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पुढं जाऊन रांगेत गुडघे टेकायचो. पाळकसाहेब काळ्या मनुकांच्या रसाचा तो प्याला एकेकाच्या ओठांना लावत पुढं सरकायचे आणि मधूनमधून पांढऱ्या रुमालानं कड पुसायचे. तो रविवार जवळ येऊ लागला तशी कुजबुज वाढली. शेवटी चारजणी पाळकसाहेबांकडं गेल्या. तिला वेगळ्या पेल्यातून द्या, नाहीतर घरी थांबायला सांगा, असं त्यांचं म्हणणं. पाळकसाहेब स्वभावानं मऊ, कुणाला दुखवणं त्यांना जमत नसे. त्यांनी मधला मार्ग काढला. तिनं सर्वांत शेवटी, एकटीनं पुढं यावं.

मी पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना आडून आडून विचारायला लागले, तर त्या वैतागल्या.

"नीट विचारा की ओ. काय झालंय?"

मी प्याल्याचं सांगितलं.

"उष्ट्यानं हा आजार होत नाही. चहा प्या, जेवा एका ताटात. पोटातल्या बाळालाही काही होत नाही."

"नक्की ना?"

"तुम्ही दहा वेळा विचारलं तरी मी हेच सांगणार."

बाहेर आले तेव्हा हायसं वाटलं. रिक्षा वस्तीच्या कोपऱ्यावर येईपर्यंतच ते टिकलं. डॉक्टर काय, माणूसच. चुकल्या तर? प्रार्थनेला बसले की शब्द सुचायचे नाहीत. देवा, माझ्या बाळाला सांभाळ, एवढंच पुन्हा पुन्हा. तिचं नाव तोंडी यायचं, ते मी गिळायची. हे मला स्वतःला कळत होतं आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती.

शनिवारी दुपारी मी तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिनं पाट पुढं सरकवला, पण जवळ नाही.

"उद्या मी येत न्हाय," ती म्हणाली. "शेवटाला एकटी जाऊन सगळ्यांच्या नजरा कोण झेलणार?"

"मला तुला एक सांगायचंय. ही बातमी माझ्यामुळं फुटली. मी घरात बोलले."

"ठावं हाय मला. मी फक्त तुलाच सांगितलतं की."

तिनं मान वर केली नाही. सूप हलवत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"उद्या चल," मी म्हणाले. "शेवटी न्हाय, सगळ्यांबरोबर. मी तुझ्या शेजारी बसते. तुझ्यानंतर मी घेते."

"खुळी हायस का? पोटुशी हायस तू."

"डॉक्टरांनी सांगितलंय, काही होत नाही."

"आणि तुला पटलंय?"

मला खोटं बोलता आलं नाही. "न्हाय. लई भ्या वाटतंय."

"मग कशाला येतीस?"

"तुझा हात सोडला तवापासनं मला धड झोप न्हाय."

तेव्हा कुठं तिनं सूप खाली ठेवलं.

रविवारी नवरा चर्चला निघताना म्हणाले, "तू तिच्या शेजारी बसू नको, माझं एवढंच म्हणणं." मी बायबल घेऊन निघाले. पाळकसाहेबांनी पुढं बोलावलं तशी मी उठले, तिच्या बाकाशी गेले आणि तिचा हात धरून पुढं नेलं. आम्ही गुडघे टेकले. माझ्या डाव्या बाजूची जागा रिकामीच राहिली. मागं बाक कुरकुरत होते, पण पावलं ऐकू येत नव्हती.

पाळकसाहेब आमच्यापुढं थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी होय म्हणून मान हलवली. ती प्यायली. रुमालानं कड पुसली गेली. प्याला माझ्यापुढं आला. माझे दात एकमेकांवर आपटत होते. प्रभू, मी तुझ्या भरवशावर घेतेय, माझ्यात काही नाही, असं मनात म्हटलं आणि प्यायले. रस गोड लागला नाही, कसलाच लागला नाही.

तेवढ्यात डावीकडं कुणीतरी कण्हत गुडघे टेकले. वस्तीतली म्हातारी सुईण होती ती. आमच्यातल्या निम्म्या लोकांना तिनंच या जगात आणलेलं. "द्या की साहेब, थांबलाय कशाला?" ती मोठ्यानं म्हणाली. तिच्यामागून आणखी सात-आठजण आले. माझे यजमान आले नाहीत. अर्धं चर्च बसून राहिलं.

उपासना सुटल्यावर मी मागच्या नळाशी गेले. ओंजळीत पाणी घेतलं. मागून तिचा आवाज आला, "चूळ भरायची असली तर भर. मी न्हाय बघत."

मी पाण्यानं तोंड धुतलं. चूळ भरली नाही, पण भरणार होते, हे तिला कळलं होतं.

मुलगी झाली तेव्हा ती बाळंतविडा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. मी बाळ तिच्या मांडीवर दिलं. ती जाईपर्यंत माझं लक्ष बाळावरच होतं. यजमान मात्र त्या दिवशी स्वतः चहा घेऊन आले आणि तिच्यासमोर बसून प्यायले. प्रभुभोजनाला पुढं येणारी माणसं हळूहळू वाढत गेली. दोन-तीन बायका मात्र कधीच आल्या नाहीत.

मधली काही वर्षं तिनं फार आजारपणात काढली. दोनदा वाटलं, आता ती जाते. मग सरकारी दवाखान्यात त्या आजाराच्या गोळ्या मिळू लागल्या. तिच्या अंगावर मांस चढलं, आवाज परतला.

एका सकाळी ती माझ्या दारात आली. वारणानगरकडच्या एका बाईला हाच आजार निघाला होता, घरच्यांनी तिची खाट गोठ्यात टाकली होती. "तिला भेटायला जायचंय. तू चल माझ्यासंगट."

गोठ्यातली ती अनोळखी बाई डोळ्यांपुढं आली आणि मला भीती वाटली, पहिल्यासारखीच. "मी येऊन काय करू?" मी म्हणाले.

"तिच्याजवळ बस. मी बोलतो." तिनं माझी पिशवी खुंटीवरून काढली. "पायात चप्पल घाल, एसटी सुटंल."

मी चप्पल घातली.