अप्पांचं स्टार्ट

"ढकला! मास्तर, तुम्हीबी उतरा! आज स्टार्ट झालीच पाहिजे!"

लातूर पाच किलोमीटर राहिलं होतं आणि अप्पांची जीप रस्त्यात बसली होती.

किल्लारीहून लातूरला जीपनं गेला असाल, तर हा गळा तुम्ही ऐकलाच असणार. अप्पा किल्लारीच्या स्टँडवर ओरडले की वाटेवरच्या औशातली दुकानं उघडायची. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. पुस्तकात 'स्टार्ट'चे पाच-सहा उपयोग असतील, अप्पांकडे पन्नास. पंगत स्टार्ट, भांडण स्टार्ट, सुनेच्या कळा स्टार्ट. म्हैस आटली, तर "म्हैस स्टार्ट व्हईना." स्टार्ट म्हणजे दचकणंही, असं एकदा मी सांगितलं, तर म्हणाले, "मग आमचं इंजन बरोबर हाय की. दचकतंय अन् बसतंय."

आपल्या पोरीला पोलीस भरतीसाठी त्यांनीच पळवलं. पहाटे ती पुढं, मागून जीपचा उजेड आणि आरोळी, "स्टार्ट!" तीन वर्षांत तिनं पृथ्वीला दोन वेढे घातले असतील. वयात बसणारी ही तिची शेवटची भरती.

भरतीच्या दिवशी ऐनवेळी जीप रुसू नये म्हणून अप्पांनी पहाटे दोनपासून इंजन बंदच केलं नव्हतं. दारात धडधडत ठेवलं. त्यातच डिझेल जळालं आणि लातूरच्या अलीकडं संपलं. कुणीतरी कॅन आणला, ओतला. पण पाइपात हवा धरलेली. आम्ही सात जण ढकलून ढकलून अर्धमेले झालो.

"अप्पा, मी पळते," पोरगी म्हणाली आणि निघालीसुद्धा.

जीप तिथंच टाकून अप्पा आणि मी टेम्पो मिळाल्यावर मागून पोचलो. ती वेळेत आत गेली होती. लगेच आठशे मीटरला तिचा नंबर लागला. पाच किलोमीटर आधीच पायात. शेवटच्या वळणावर ती वाकडी झाली, पडली, उठली, आली. ठरलेल्या वेळेपेक्षा चार सेकंद उशीर.

अप्पा कुंपणाची जाळी धरून उभे. पोरीनं लांबून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

आठवडाभर स्टँडवर अप्पा दिसले नाहीत, म्हणून घरी गेलो. पोरगी धुणं वाळत घालत होती.

"अप्पा कुठं हाईत?"

"उसाच्या टोळीवर. ट्रॅक्टर चालवायला गेलेत."

"जाताना 'स्टार्ट' म्हणाले का?"

"न्हाई," ती म्हणाली.