आधी पाणी, मग वेळ

आमच्या भागात जमिनीखालचं पाणी खारं आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना कुठंही हापशी मारा, जे येतं ते भांडी घासायला ठीक, प्यायला नाही. माझा नवरा जन्मभर तेच प्याला आणि किडनीनं गेला. आता चौथ्या-पाचव्या दिवशी नळाला गोडं पाणी येतं, ते मी रांजणात भरून ठेवते. उन्हातून कोणी दारात आलं की आधी रांजणातलं पाणी, मग काय काम आहे ते विचारायचं. या सवयीनं मी एका बाईचं नुकसान केलं.

माझे दात काढणारा बुलढाण्याचा डॉक्टर सायकल चालवतो. दूधवाल्याची असते तशी नाही. बारीक टायरची, वाकून चालवायची. त्याच्यासारखी वीस-पंचवीस माणसं मिळून लांबच्या फेऱ्या काढतात. डॉक्टर एकदा माझ्या दारात थांबला. माझं घर शेगावच्या रस्त्याला, पूर्णेच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर, दारात कडुनिंब आणि समोर एसटीचा थांबा.

त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. सकाळी सहाला बुलढाण्याहून निघायचं, घाट उतरून मोताळा, नांदुरा, पूर्णा ओलांडून जळगाव जामोद, सातपुड्याच्या पायथ्यानं संग्रामपूर, खाली येऊन पुन्हा पूर्णा, मग शेगाव, खामगाव, आणि बोथ्याच्या जंगलातला घाट चढून परत बुलढाणा. दोनशे किलोमीटर. संध्याकाळी साडेसातच्या आत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर वेळ लिहून घ्यायची. आमच्याकडचा ढाबा बंद पडला, म्हणून त्याला माझी आठवण झाली.

"आजी, नुसती वेळ लिहायची आणि सही करायची. पावणेदोनच्या आत जो येईल तो पास."

"मी चौथी शिकली बापू."

"घड्याळ कळतं ना?"

"तुह्यापेक्षा जास्त कळते. दात काढायले दहाला बोलावलं अन् बाराला घेतलं होतं मले."

तो हसला आणि पेन देऊन गेला.

माझ्या घरचं घड्याळ मागं पडतं, म्हणून त्या दिवसापुरतं विहारातलं मोठं घड्याळ मागून आणलं आणि आतल्या खोलीत खिळ्याला टांगलं. बाहेर कडुनिंबाखाली बाज टाकली.

अकराच्या सुमारास पहिले दोघं आले. एक जण उतरला तो सरळ हापशीवर बाटली भरायला गेला. मी ओरडले, "काऊन रे, मरायचं हाय काय?" त्यानं घोटभर तोंडात घेऊन थुंकलं. मग मी त्यांना रांजणातलं पाणी दिलं, बाटल्या भरून दिल्या, गुळाचा खडा दिला. ते पाणी पिऊन ताजे झाले, तेव्हा आत जाऊन घड्याळ पाहिलं आणि कार्डावर लिहिलं. पुढच्या सगळ्यांचं तसंच केलं. कोणी काही म्हणालं नाही. त्यांच्याकडे वेळ भरपूर होता.

शेवटी एक बाई राहिली. ती आली तेव्हा शेगावची दीडची एसटी थांब्यावर उभी होती. ड्रायव्हरनं तिला पाहून दोनदा भोंगा वाजवला आणि खिडकीतून ओरडला, "वा मॅडम, आज बिनातिकिटाच्या?" ती म्हणाली, "चालव तुही गाडी, लेट झाली हाय." म्हणजे ही एसटीतली कंडक्टर. चाळिशीची असेल. कोपर सोललेलं, बाहीवर रक्त. संग्रामपूरच्या पुढं गिट्टीवर घसरली होती.

"आजी, हे घ्या कार्ड," ती म्हणाली आणि बाजेवर बसली.

मी कार्ड कमरेला खोचलं आणि पाणी आणलं. दोन तांबे प्याली. मग मी तिचं कोपर धुतलं, हळद लावली, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली.

"कशाले एवढा आटापिटा वं पोरी? गाडीत फुकट फिरतेस की."

"गाडीत उभी असतो आजी. लोकाइचे चेहरे दिसते, रस्ता दिसत नाही. हे पार पडलं का पुढच्या फेरीत नाव लागते. कोकणात, समुद्राच्या काठाकाठानं सहा दिवस. मी समुद्र पाहेल नाही."

"मीबी नाही पाहेल. माह्यं काही अडलं नाही."

"माह्यं अडलं हाय," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण खरं म्हणाली.

तिचं झाल्यावर मी आत गेले, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. एक वाजून बावन्न मिनिटं. खाली सही केली. तिनं कार्ड हातात घेतलं, पाहिलं, घडी करून खिशात ठेवलं. "येतो आजी," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, कोपर दुखत असेल म्हणून गप्प आहे.

दोनच्या पुढं डॉक्टर मोटार घेऊन आला; त्या दिवशी तो सायकलीवर नव्हता, देखरेखीला होता. मी वहीत सगळ्यांच्या वेळा उतरवून ठेवल्या होत्या. त्यानं बोट फिरवत शेवटच्या ओळीवर आणलं आणि च्च केलं.

"बाई बाद झाल्या. सात मिनिटांनी."

"कोण बाद? दीडची एसटी उभी होती तेव्हा आली ते. मी पाणी पाजलं, हात बांधला, मंग लेहलं."

"वेळ पाणी पाजल्यावर लिहिलीत?"

"मंग? तहानलेल्या माणसाले आधी घड्याळ दाखवू?"

तो बाजेवर बसला. बाकीच्यांच्याही वेळा पाण्यानंतरच्याच आहेत हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, त्यांचं बिघडत नाही, हिचं बिघडलं. कार्डावर जे आहे तेच धरतात. खाडाखोड असली तर कार्डच रद्द.

मी घराला कुलूप लावलं आणि त्याच्या मोटारीत जाऊन बसले. "मले बुलढाण्याले घेऊन चाल. चूक माही हाय, मी सांगतो."

त्या वाटेनं मी एसटीनं कितीदा गेले असेन. लक्ष कधी दिलं नव्हतं. खामगावपर्यंत दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, रस्ता सपाट. त्याच्या पुढं चढ सुरू होतो आणि बोथ्याच्या जंगलात तर मोटारसुद्धा कण्हते. डॉक्टर बाकीच्यांना पाहत हळू चालला होता, शेगावला आणि खामगावला वह्या तपासायला बराच वेळ थांबला, तेवढ्यात ती पुढं निघून गेली होती. घाटाच्या मधल्या वळणावर ती दिसली. उभी राहून पायडल मारत होती, चिंधी सुटून लोंबत होती.

"थांबव," मी म्हणाले.

"वाटेत मदत चालत नाही आजी. थांबलो तर माझ्यामुळे बाद होतील."

"बाद तर माह्यानं झालीच हाय," मी म्हणाले. पण तो थांबला नाही, आणि ते बरोबर होतं. आम्ही जवळून गेलो. तिनं मान वर केली नाही.

बुलढाण्याला एका शाळेच्या मैदानावर टेबल मांडून तिघं बसले होते. मी माझं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला. मग त्यांतला वयानं मोठा म्हणाला, "आजी, तुमच्यावर विश्वास आहे. पण आज तुमचं ऐकलं, तर उद्या प्रत्येक जण साक्षीदार आणील."

मला राग आला. चहा तसाच ठेवला आणि फाटकाकडे बघत बसले.

ती सात वाजून दहा मिनिटांनी आली. वेळेत आली आणि बाद झाली. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"तुले तवाच दिसलं होतं ना? बोलली काऊन नाही?"

"बोलली असती तर तुमी खोडलं असतं. खोडलेलं तिकीट मीबी चालवत नाही आजी."

"मंग घरी जायचं. घाट कशाले चढली?"

"अर्ध्यात गाडी सोडाची सवय नाही." मग ती खाली बसली आणि बूट काढता काढता रडली. थोडंच. मी तिला गप्प राहा म्हणाले नाही. माझ्यामुळे रडत होती, रडू दिलं.

पुढच्या महिन्यात तीच फेरी पुन्हा होती, कोकणाच्या आधीची शेवटची. डॉक्टर विचारायला आला, तेव्हा वाटलं आता दुसरं कोणीतरी शोधणार. तो म्हणाला, "त्या बाईंनीच सांगितलं, आजीच पाहिजे." मी विहारातलं घड्याळ पुन्हा आणलं आणि या वेळी आत नाही, कडुनिंबाच्या खोडाला खिळा मारून टांगलं. पेन गळ्यात दोरीनं बांधलं. सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. सायकल थांबली की आधी घड्याळ, मग कार्ड, मग पाणी. हात सवयीनं तांब्याकडे जायचा, मी तो मागं घ्यायची. चांगलं वाटत नव्हतं. माणूस धापा टाकत उभा आहे आणि आपण आकडे लिहितोय.

ती एकला पाच कमी असताना आली. मी लिहिलं, सही केली, कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं.

"आता पाणी पेतेस का जातेस?"

"पेतो. पन्नास मिनिटं हायेत माह्याजवळ," ती म्हणाली आणि बाजेवर ऐसपैस बसली.

कोकणातून तिचा फोन आला. मागं कसला तरी मोठा आवाज सारखा येत होता, मला वाटलं ट्रक जात आहेत. ती म्हणाली, तो समुद्रच आहे. इथले चढ बोथ्याच्या बापासारखे आहेत, एक उतरला की दुसरा उभाच. खाडीवर तर सायकलीसकट होडीतून जावं लागतं.

"अन् समुद्र कसा हाय?"

"लय मोठा हाय आजी. चाखून पाह्यला. तुमच्या हापशीवानी लागते."

"मंग पेऊ नको," मी म्हणाले, "अन् बाटली भरून घेत जाय."