नवरदेवाच्या गाडीचं छत

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी मान दुखते. त्या तपासाचा शेवट मी एका मोटारीत बसून, वर पाहत केला होता.

अकोल्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिना होता. ठाणे अंमलदारापासून लॉकअपमधल्या पाहुण्यापर्यंत सगळे एकाच पंख्याकडे आशेनं बघत होते. अशा दुपारी जठारपेठेतल्या एक काकू आल्या. दारातली जुनी क्रीम रंगाची ॲम्बॅसेडर चोरीला गेली होती.

"चालू होती का हो गाडी?" मी विचारलं.

"चालत नव्हती साहेब. आमचे हे तिच्यात बसत."

हे म्हणजे त्यांचे यजमान, फुलशेतीतले जुने बागायतदार. आता त्यांना माणसं नीट आठवत नव्हती, पण गाडी आठवत होती. दुपारचं जेवण ते मागच्या सीटवर बसूनच करायचे. गाडी गेल्यापासून ताट भरलेलं परत येत होतं.

"गाडी आली का, इतकंच इचारतात. नाही म्हटलं का तोंड फिरवतात. असे किती दिस निंघतीन?"

चौकशीत कळलं, की चोरी भर दुपारी झाली. दोघे दुसऱ्या गाडीला टोचन लावून, ओढत गाडी घेऊन गेले. गॅरेजला चालली असेल, असं समजून शेजारच्या गृहस्थांनी धक्काही मारला. त्यांचा जबाब नोंदवताना हवालदार हसू दाबत होता, गृहस्थ घाम पुसत होते.

मग काही दिवसांनी खबर आली, तीही खबऱ्याकडून नाही. काकूंच्या यजमानांचा हिवरखेडचा भाचा लग्नाच्या गाड्या फुलांनी सजवतो. अमरावतीत तो एका नवरदेवाची गाडी सजवत होता. रंग गडद तांबडा, सीट मखमली. पण ड्रायव्हरनं मागचं दार गुडघ्यानं उचलून लावलं, तेव्हा याच्या हातातला हार तसाच राहिला. मामाच्या गाडीचं दार असंच लागायचं.

आम्ही गाडी ताब्यात घेतली. मालक जुन्या गाड्या लग्नाला भाड्यानं देणारा, गोड बोलणारा गडी. त्याच्याकडे कागद होते, नंबर होता, चेसिसवर आकडेही होते. जरा जास्तच ताजे. खोडलेले आकडे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल यायला किती वेळ लागतो, हे मला माहीत होतं. दुर्दैवानं त्यालाही माहीत होतं.

"साहेब, दार तं समद्याच जुन्या गाड्यांचं असंच लागते," तो म्हणाला. "म्हातारपणी कोणाचं काय ढिलं होत नाही?"

विचारपूस लांबली. तो आमचाच चहा पिऊन आम्हालाच धीर देत होता. खरं सांगतो, मी थकलो होतो. ठाण्याच्या आवारात गंजलेल्या मुद्देमालाच्या रांगेत ही नटलेली गाडी उभी होती, बॉनेटवर सुकलेला झेंडू. आणखी एक इथंच सडणार, असं वाटत होतं.

ओळख पटवायला काकूंना बोलावलं. त्या गाडीभोवती फिरल्या, काहीच ओळखीचं दिसेना. मग आत बसल्या आणि छताचं पांढरं नवं कापड तळहातानं दाबलं. चेहरा बदलला.

"याच्या वर गोधडी असन, साहेब. माह्या सासूनं शिवलेली. उन्हाचं टिन तापते म्हणून यायनं कापडाच्या आत टाकली होती."

"पुढं बोलू नका," मी म्हणालो. दोन पंच बोलावले. छत उघडण्याआधीच त्यांच्यासमोर काकूंकडून गोधडीचं वर्णन लिहून घेतलं: हिरवं लुगडं, जांभळा काठ, एका कोपऱ्याला खाकी ठिगळ.

गडी पहिल्यांदाच चहा ठेवून उठला. "नवं कापड हाय साहेब! फाडलं अन् काही निंघालं नाही तं? लगीनसराई हाय माही."

प्रश्न रास्त होता. म्हणून कापड फाडलं नाही. ते बसवणाऱ्या सीटवाल्यालाच अमरावतीहून आणलं. आपलं काम कोणी बिघडवू नये म्हणून तो धावतच आला. मी आत बसून वर पाहत होतो. मागच्या काचेकडून त्यानं कडा सोडवली आणि हात घालून ओढलं. हिरवं लुगडं, जांभळा काठ आणि खाकी ठिगळ, सगळं धुळीसकट माझ्या टोपीवर येऊन पडलं.

मग गडी सीटवाल्यावर ओरडला, "अबे, तुले आतलं समदं फेकून द्याले सांगतलं होतं न म्या!"

सीटवाला शांतपणे म्हणाला, "मे महिन्यात नुसत्या टिनाखाली नवरदेव बसवता काय? मांडवात जाईस्तोवर शिजला असता. मी गोधडी ऊन दाखवून, झटकून परत टाकली."

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हे नवा शिपाईही सांगेल. पण गोधडी टिकते. त्यानंतर गड्याचा गोडवा संपला आणि रंगाऱ्यापासून नंबर ठोकणाऱ्यापर्यंत सगळी नावं बाहेर आली.

गोष्ट इथं संपली असती तर मला सांगायला बरं वाटलं असतं. कोर्टाच्या आदेशानं गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर, काकूंना मिळाली. गोधडी मात्र पुरावा म्हणून लाखेची मोहोर लावून मुद्देमाल खोलीत गेली. दुसऱ्याच दिवशी काकू आल्या.

"ते बसले, साहेब. छताले हात लावला अन् उतरले. आपली नाही म्हणतात."

मी गोधडीसाठी वेगळा अर्ज केला. कोर्टातल्या बाबूनं तो दोनदा वाचून विचारलं, "मोटारीच्या गोधडीचा सुपुर्दनामा?" फोटो काढले, पंचनामा झाला, आणि एकदाची गोधडी सुटली. सीटवाला आता आमचा साक्षीदार होता. त्यानं जठारपेठेत येऊन ती परत बसवली. मी उगाचच तिथं थांबलो होतो.

काकांनी मागचं दार गुडघ्यानं लावलं. हात वर नेला, दाबला आणि तसाच ठेवला.

नोकरीत मी शेकडो फिर्यादी लिहिल्या. वस्तूचं नाव, रंग, नंबर, अंदाजे किंमत. त्या दिवसापासून एक प्रश्न वाढवला: त्यात आणखी काय होतं? बहुतेक लोक दमलेले असतात, 'काही नाही' म्हणतात. मीही दमलेला असायचो, तरी पुन्हा विचारायचो.

काका खिडकीतून बाहेर बघत होते. माझ्याकडे लक्षच नव्हतं त्यांचं.

"काहून उशीर झाला आज?" ते काकूंना म्हणाले. "वाढ न."