कासीमभाईची न वाजणारी सरगम

कासीमभाई गेल्याचं मला जवळा बाजारच्या एसटी स्टँडवर कळलं. मी त्यांच्याकडंच निघालो होतो, माझी चाल लिहून झाली का म्हणून भांडायला... भांडण तसंच राहिलं. महिना उलटला तरी माझा राग जात नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या बँडमध्ये ते ट्रम्पेट वाजवायचे, मी क्लॅरोनेट. वरातीत नवरदेवाचे दोस्त आम्हाला दम खाऊ द्यायचे नाहीत. मारुतीच्या पारापासून मांडव हाकेच्या अंतरावर, पण अख्खी दुपार तिथंच जायची. दुसऱ्या दिवशी बँडच्या दुकानात बसून भाई त्या वरातीची सरगम लिहीत. माझ्यासाठी वरचा सा. पारापाशी धरायचा, तो थेट मांडवात सोडायचा. खाली सूचना : ‘श्वास घरी गेल्यावर घ्यावा.’ ढोलवाल्याला : ‘दोन हातांनी वाजवावे, तिसऱ्याने घाम पुसावा.’ आम्ही पोट धरून हसायचो. एकदा कुरुंद्याच्या वरातीत असलाच एक कागद नवरदेवाच्या मामाच्या हाती लागला. नवं गाणं असेल म्हणून मामा हटूनच बसले, हेच वाजवा. भाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "व्हय मामा, बराबर. तेवढा तिसरा हात तुमी द्या." मामा खरंच बाह्या सारून ढोलाशी उभे राहिले.

मला मात्र पुढं पुढं या टवाळीची चीड यायला लागली. एवढा सुरांचा जाणकार माणूस, आणि सगळं लिहिणं असलं. डीजे आले, आमच्या सुपाऱ्या आटल्या, तरी यांचं तेच चालू.

"भाई, वाजवता येईल अशी एक तरी चाल लिहा की माझ्यासाठी."

"लिहून राहिलो ना. काहून डोकं खातूस?"

हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकलं.

चाल त्यांनी लिहिली होती. परवा भाभींनी दुकान उघडून दिलं, तेव्हा माझ्या खुर्चीच्या पाठीला चिमट्यानं लावलेली सापडली. साधी, गोड चाल, जागोजागी श्वासाला जागा सोडलेली. मी तिथंच बसून वाजवायला घेतली. शेवटाच्या जरा आधी माझे सूर संपतात आणि त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, ‘इथून कासीम उचलेल. तू ऐक.’ पुढं कागद कोरा.

इतकी वर्षं हट्ट धरून एक चाल मागितली, आणि तीही वाजत नाही. काय करावं या माणसाला... रोज दुकानात जातो, तिथपर्यंत वाजवतो, चिडून क्लॅरोनेट खाली ठेवतो. समोर खुंटीला त्यांचं ट्रम्पेट असतं. मग, लिहून ठेवलंय म्हणून, थोडा वेळ ऐकत बसतो.