चार अक्षरं
अक्षर वाकडं आहे, चुकाही होतील. चौथीच शिकलेय, सांभाळून घ्या. आज सॅनिटायझरचा वास आला आणि नवागाममधली कोरोनाच्या टेस्टची रांग आठवली. भेस्तानला लेक बाळंत झाली होती. टेस्टशिवाय नात हातात मिळणार नव्हती. रांगेत दोघं भांडत होते, "लॅबमधून सुटलाय!" "हट्, वटवाघळातून आलाय!" नाकात काडी घालणारी ताई म्हणाली, "शास्त्रज्ञही अजून भांडतायत. विषाणूच्या जनुकांतली अक्षरं वाचून त्याचं मूळ शोधतात. चारच अक्षरं असतात." कधी न बोलणारी मी बोलून गेले, "चारच? मग मीपण वाचेन!" सगळे हसले. थोड्या वेळानं ताईनं पट्टी पुढे केली, "वाचा मावशी. दोन रेघा म्हणजे कोरोना." एकच होती! मी धावतच रिक्षा धरली. तीच नात आता पाटीवर अक्षरं काढते आणि म्हणते, "आजी, वाच."