बाहेरून लावलेले कुलूप

आयुष्यभर मी इतरांनी लिहिलेला इतिहास वर्गात शिकवला. पुस्तकाच्या आडोशाला उभे राहून बोलणे निराळे आणि स्वतःची चार वाक्ये लिहून लोकांपुढे ठेवणे निराळे, हे मला ठाऊक आहे. तरीही साठी उलटल्यावर हा आगाऊपणा करते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. सांगायचे आहे ते एका रविवारच्या दुपारचे आहे. ते अजून कुणाशी मला नीट बोलता आलेले नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही परदेशात, सेम्बावांग नावाच्या उपनगरात राहतो. ह्यांच्या नोकरीमुळे पुणे सुटले आणि अकराव्या मजल्यावरचे हे घर मिळाले. आमच्या ओळखीतली मराठी कुटुंबे महिन्यातून एका रविवारी आळीपाळीने एकेकाकडे जमतात. प्रत्येकजण एखादा पदार्थ आणतो, पडदे ओढले जातात आणि सगळे मिळून सिनेमा पाहतात. मी सहसा चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघराजवळची खुर्ची धरून बसते. त्या रविवारी पाळी आमची होती.

आमच्या शेजारच्या घरात एक तरुण जोडपे राहत असे. तो त्याच शहरातल्या आंग मो किओ भागात एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करी. ती नाशिकची, लग्नानंतर प्रथमच देशाबाहेर आलेली. आम्हा दोघींचे बोलणे बेताचेच होते; खरी ये-जा होती ती एका स्टीलच्या डब्याची. मी तो भरून पाठवला की काही ना काही घेऊन तो परत येई. कुणाचे भांडे रिकामे परत करायचे नाही, हे तिला तिच्या आईने शिकवले होते आणि मला माझ्या. एकदा तिच्या घरी काहीच नव्हते, तेव्हा तिने त्यात चमचाभर साखर घालून आणली होती आणि म्हणाली होती, "काकू, हसू नका हं. आज एवढंच आहे."

त्या रविवारच्या आदल्या आठवड्यात तो डबा रिकामा परत आला. घासूनपुसून लख्ख केलेला, पण रिकामा. घेऊन आला होता तिचा नवरा.

"ती माहेरी गेलीय, काकू," तो म्हणाला. "अचानक ठरलं."

माहेरी गेली म्हटल्यावर आपल्यात कुणी पुढे विचारत नाही. उलट ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येते. मीही हसले. त्यानंतर रोज सकाळी कामाला निघताना तो बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप घाली. घरात कुणी नसले की सगळेच घालतात. मात्र तिच्या बाहेर जायच्या चपला दाराशी रॅकवर तशाच होत्या. तिच्याकडे दुसरा जोड असेलच की, असे मी मनाशी म्हटले आणि डबा फळीवर ठेवून दिला. तरी स्वयंपाकघरात जाता-येता माझी नजर त्याच्यावर पडत राहिली.

सिनेमा ह्यांनी निवडला होता. इंग्लंडमधल्या एका लहान गावात खरोखर घडलेल्या खुनावर तो बेतलेला आहे, असे सुरुवातीलाच पडद्यावर लिहून आले. त्यात एक मृदुभाषी, नीटनेटका कारकून आहे. त्याची बायको अचानक दिसेनाशी होते. दूधवाल्याला, पाद्र्याला, शेजारणीला, सगळ्यांना तो एकच सांगतो : ती बहिणीकडे गेली आहे, समुद्रकाठी. शेजारणीला त्याच्या घरात खुंटीवर त्या बायकोची रोजची टोपी लटकलेली दिसते. विचारावे म्हणून ती तोंड उघडते आणि मग हवेबद्दल बोलून निघून जाते.

शेजारचा तरुण माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

शहराच्या दुसऱ्या टोकाहून, चोआ चू कांगहून आलेले एक इंजिनियर आमच्यात आहेत, त्यांना सिनेमा चालू असताना गप्प बसता येत नाही. "ह्या लोकांना माहेर नसतं ना, म्हणून बहिणीकडे पाठवतात!" ते म्हणाले. सगळे हसले. मग ते तरुणाकडे वळले. "काय जावईबापू, तुमची पण बहिणीकडेच का?"

"माहेरी," तो म्हणाला.

"मग गोड बातमी दिसतेय! आमची बारशाची तिकिटं तुम्ही काढायची बरं का."

"अहो, पुरे. किती लाजवाल त्याला," त्यांची पत्नी म्हणाली.

"पप्पा, बघू दे ना ला!" त्यांची मुलगी इथल्या बोलीतला 'ला' जोडून वैतागली.

तो हसला, पण सगळ्यांचे हसून झाल्यानंतर. हातातल्या चहावर साय धरली होती. त्याने घोटही घेतला नव्हता. पडद्यावर तो कारकून परसातली माती पायाने दाबून सारखी करत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या फळीवरचा लख्ख, रिकामा डबा येत होता. असला विचार मनात आल्याची मला लाज वाटली. तरी तो जाईना.

मध्यंतर म्हणून ह्यांनी सिनेमा थांबवला. पडद्यावर दार वाजवायला हात उचललेली शेजारीण तशीच राहिली. खोलीत क्षणभर शांतता झाली आणि त्या शांततेत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुकरची शिट्टी ऐकू आली. थोड्या वेळाने दुसरी.

"कुणाचा तरी वरणभात झाला," इंजिनियर म्हणाले आणि वड्यांकडे वळले.

आमच्या खिडकीला लागून एकच खिडकी आहे, ती त्या तरुणाच्या घराची. दुसऱ्या बाजूला जिना आहे. त्याने भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी त्याच्याकडेच पाहत होते.

ती जिवंत आहे, हे मनात आले तेव्हा मला आधी नुसते हायसे वाटले. दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला. तासाभरापूर्वी तो आमच्याकडे आला, तेव्हा कुलूप लावल्याचा आवाज मी ऐकला होता.

मी फळीवरचा डबा काढला, त्यात शिरा भरला आणि "आलेच" म्हणून बाहेर पडले. मागे सिनेमा पुन्हा सुरू झाला. शेजारच्या जाळीला पितळी कुलूप होते. बेल दाबली तशी आतली भांड्यांची हालचाल थांबली.

"मी आहे गं. डबा आणलाय."

मग आतले लाकडी दार थोडेसे उघडले. केस विंचरलेले नव्हते, अंगावर नवऱ्याचा शर्ट होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कुकरची शिट्टी झाली."

"भूक लागली हो," ती म्हणाली. तिने गुन्हा कबूल करावा तसे ते म्हटले.

"आणि बाहेरून कुलूप?"

"मीच सांगितलं घालायला. कुलूप दिसलं की कुणी बेल वाजवत नाही." मग खाली पाहत ती म्हणाली, "चौथा महिना होता, काकू. आता नाहीये. सगळ्या येतील, पोटाकडे बघतील, पुढच्या वेळी होईल म्हणतील. मला ते नको होतं."

मी डबा पुढे केला. तो जाळीच्या गजांमधून आत जाईना. उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला. तेव्हा मला ते विचारायचे सुचले.

"आतून उघडायची तुझी किल्ली कुठे आहे?"

तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, कॉरिडॉरच्या कठड्यावर आणि कठड्याच्या पलीकडे.

"ती तो घेऊन जातो," ती म्हणाली. "घाबरतो. त्या दिवशी मी तिथे खूप वेळ उभी होते."

मी परत आले तेव्हा पडद्यावर कुणीतरी किंचाळत होते. मी टीव्हीच्या पुढे जाऊन उभी राहिले. भरल्या खोलीत सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आहेत, अशी वेळ मी आयुष्यभर टाळत आले होते. डबा एका हातात तसाच होता. दुसरा हात मी त्या तरुणापुढे धरला.

"किल्ली दे."

"कसली, काकू?"

"वहिनी, सिनेमा डोक्यात गेला का?" इंजिनियर हसत म्हणाले. "थांबा की, सापडेल खुनी पाच मिनिटांत."

मी हात मागे घेतला नाही. तो तरुण उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही. दार उघडं ठेवून मी ऑफिसला गेलो, आणि संध्याकाळी येऊन बघतो तर…"

"तिनं सांगितलंय मला. म्हणूनच मागतेय. घराला आग लागली तर ती काय करेल? तिच्याजवळ मी बसते. तू ऑफिसला गेलास तरी बसेन."

त्याने मुठीतच धरून ठेवलेली किल्ली माझ्या हातावर ठेवली. ती गरम होती.

मी तिच्या स्वयंपाकघरात बसले. तिने वरणभात खाल्ला, मग शिराही. तो उंबऱ्याशी उभा राहून रडला, आणि तिने त्याला पाणी दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे डॉक्टरांकडे गेलो. पुढचे कित्येक आठवडे माझी दुपार त्यांच्या घरी गेली. औषधाने आणि वेळाने ती हळूहळू सावरली, हे मला खात्रीने सांगता येते.

पण तिला ज्याची भीती होती, तेही झाले. किल्ली सगळ्यांदेखत मागितली गेली होती, त्यामुळे विचारपूस सुरू झाली आणि सगळ्यांना सगळे कळले. बायका आल्या, पोटाकडे पाहिले, नेमकी तीच वाक्ये बोलल्या. नाशिकला फोन गेला, सासूबाईंचाही आला. एका दुपारी ती जराही न रागावता मला म्हणाली, "कुलूप होतं तेव्हा निदान शांत होतं, काकू."

पुढे त्यांनी घर बदलले. जाताना भेट झाली नाही. मी बाजारात गेले होते. डबा तिच्याकडेच राहिला आहे. मी मागितलेला नाही. तो सिनेमाही मी पुढे पाहिला नाही. इंजिनियरांनी नंतर सांगितले, की खऱ्या घटनेतल्या त्या शेजारणीने शेवटपर्यंत दार वाजवलेच नाही.

त्याला बाजूला बोलावून, कुणाला कळू न देता, किल्ली मागता आली असती, असे मला आता वाटते. त्या क्षणी मात्र आज मागितली नाही तर उद्या आपला धीर होणार नाही, एवढेच वाटले होते. तुम्ही माझ्या जागी असता, तर सगळ्यांसमोर ती किल्ली मागितली असती का?