बवनालीच्या तळ्यावर जगणारी माणसं

लिही पोरा, आणि मधेमधे हसू नकोस.

बवनाली म्हणजे माझ्या बहिणीचा, नासिबेकोचा जावई. आमच्याकडच्या सगळ्या जावयांसारखा बायकोच्या गावी नांदायला आला, एक कोंबडा आणि भलंमोठं तोंड घेऊन. सासूच्या पाणथळ जमिनीत त्यानं तळं खणलं, मासे सोडले. माशांना कोंडा आमच्या उखळातला. आम्ही मका कांडायचो आणि हा टोपली घेऊन उभा. मासे निघाले की थेट झोंब्याच्या बाजारात. आमच्या ताटातल्या मक्याच्या न्सिमाशेजारी त्याच्या माशाचं खवलंसुद्धा कधी पडलं नाही.

मग झोंब्याच्या कचेरीतून एक मुलगी आली. मासे पाळून गावाचं किती भलं झालं ते म्हणे ती मोजणार. ज्याच्या तळ्यावर जास्त माणसं जगतात, त्याला नवं जाळं फुकट.

"तुमच्या तळ्यावर किती जण जगतात?" तिनं विचारलं.

"अहो, अख्खं गाव पोसतोय मी. ती कांडतेय ना, ती माझी मावससासू. माझे मासे नसतील तर तिची चूल पेटत नाही."

माझ्या हातात मुसळ होतं. तरी मी गोडच बोलले. "खरंय गं बाई. जावईबापू नसते तर मेलोच असतो. मासे काढतील त्या दिवशी ये, आमचं जेवण बघायला."

"येते की, मला बघायचंच आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी सगळं गाव टोपल्या घेऊन बांधावर. व्यापारी सायकल धरून उभा, आणि ती मुलगीही. बवनाली माझ्या कानाशी आला. "मावशी, आज जा ना. उद्या घरपोच देतो."

"उद्या ती पोरगी कुठे असणार, जावईबापू?"

वाटले मासे बिचाऱ्यानं, सगळ्यांच्या टोपल्यांत. एकेक मासा देताना तोंड असं, जणू स्वतःचा दात उपटून देतोय. व्यापारी रिकामाच गेला. जाळं मात्र मिळालं हो.

पुढच्या वर्षी ती मुलगी पुन्हा मोजायला आली. बवनाली हात जोडून म्हणाला, "छे हो, या तळ्यावर मी एकटाच जगतो."

नासिबेको शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि जमीन कुणाची, तेही सांगा तिला."

बवनालीनं जरा वेळ पायानं माती उकरली. मग मुलीला म्हणाला, "किती जण ते सासूबाईंनाच विचारा."

नासिबेकोनं सूप बाजूला ठेवलं, ऐसपैस बसली आणि नावं सांगायला लागली. शेजारच्या गावातलीसुद्धा धरली.